माईंच्या घराला अर्थच नव्हता

आमच्या आणि माईंच्या परड्यामध्ये कंबरभर उंचीचा गडगा आहे. सुटा जांभा रचलेला. चुना नाही, सिमेंट नाही. त्यातले दोन चिरे मात्र घासून घासून गुळगुळीत झालेत. एकावर माईंचं कोपर टेकलेलं असतं, दुसऱ्यावर माझं. गेली बावीस वर्षं.

मध्यंतरी एका सकाळी मी न्हाणीच्या मागे अळू कापत होते, तर पलीकडून हाक आली.

"वैनी, लाइट आहे का गो तुमच्याकडे?"

रत्नागिरीत बोलणं सुरू करायला याच्यासारखा प्रश्न नाही. तब्येत, पाऊस, मुंबईहून कोण कधी येतंय, हे सगळं नंतर. वादळांचं सोडा. तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला घासून गेलं तेव्हाचा काळोख, किंवा त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात खांबच्या खांब आडवे केले ते, या गोष्टी नातवंडांना सांगायच्या. पण एरवीही माडाने एक झावळी टाकली की अर्धी वाडी मेणबत्ती शोधते. आणि वीज करणारा जिल्हा कुठला, तर आपलाच! चिपळूण तालुक्यात पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेची जनित्रं, गुहागरला अंजनवेलचा १९६७ मेगावॉटचा गॅसवरचा प्रकल्प, इकडे जयगडला १२०० मेगावॉटचा कोळशावरचा. खाली राजापुरात जैतापूरच्या अणुप्रकल्पाचं नाव काढलं की अजून दोन तट पडतात. दुभत्या म्हशीच्या घरी चहा कोरा, तशी आमची गत.

"आहे की," मी म्हटलं. "का?"

"आमच्याकडे नाही."

"असं कसं? एका पोलावरची ना आपण?"

"गेला नाही गो. काढलाय. वायरमन आलाय." माईंनी मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "आणि तो काय म्हणतो माहित्ये? आमच्या घराला अर्थच नाही म्हणे. सहा महिने बिनअर्थाचेच राहतोय आम्ही."

मी अळू खाली ठेवलं. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झालेली बाई असं काही बोलली की हातातलं काम खाली ठेवावंच लागतं.

"कोण म्हणालं असं? नाना?"

"नाना कशाला म्हणतील? त्यांचेच तर पराक्रम! अगो, अर्थ म्हणजे अर्थिंग. जमिनीत जातं ते."

मग माईंनी दुसरं कोपरही चिऱ्यावर टेकलं. म्हणजे आता अर्धा तास तरी हलायचं नाही.

"तुला आठवतं, आषाढात मी भात सोडला होता?"

न आठवायला काय झालं? माईंनी भात सोडल्याची बातमी वाडीभर झाली होती. नागपंचमीला पातोळ्यांना सुद्धा शिवल्या नव्हत्या.

"का सोडला होता? तर हाताला मुंग्या येत होत्या. बोटांना, मग मनगटापर्यंत. मला वाटलं शुगर. आमच्या आईला अशाच यायच्या. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती तीन महिन्यांची शुगर असते ती काढायला सांगितली. ती बरी आली. मग म्हणाले बी-ट्वेल्व्ह कमी असेल, गोळ्या घ्या. घेतल्या. मुंग्या आहेत तशाच. शेवटी परत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, दिवसातून कधी येतात? मी म्हटलं, सकाळी. सकाळी कधी? म्हटलं, आंघोळीच्या वेळी. कुठे असता तेव्हा? म्हटलं, डॉक्टर, आंघोळीच्या वेळी माणूस कुठे असतं? न्हाणीघरात!"

"मग?"

"मग ते काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले माझ्याकडे. म्हणाले, काकू, आधी एक वायरमन बोलवा, मग माझ्याकडे या."

मला हसू येत होतं आणि अंगावर काटाही येत होता. माईंना दोन्ही दिसलं.

"हस, हस. पुढचं ऐक. घरी येते, तर आमचे हे आंघोळीला निघालेले. खांद्यावर पंचा, तोंडात रामरक्षा, नि पायात रबरी स्लिपर. मी म्हटलं, हे काय? सोवळ्यातला माणूस न्हाणीत वहाणा घालून? तर म्हणतात कसे, 'घातल्या की मुंग्या येत नाहीत.'"

"म्हणजे नानांनाही—"

"महिनाभर! महिनाभर ह्यांना ठाऊक होतं की नळाला करंट मारतो. त्यावर ह्यांनी उपाय शोधला, तो स्वतःपुरता. आणि मी इकडे बी-ट्वेल्व्ह खात्ये नि भात टाकून नाचणीची भाकरी चावत्ये. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणे, 'तू घाबरली असतीस.'"

इथे नानांची थोडी ओळख करून द्यायला हवी. नाना पोस्टातून निवृत्त झाले, पण विजेतून अजून झालेले नाहीत. त्यांच्याकडे बिस्किटाचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे. त्यात टेस्टर, पक्कड, काळ्या टेपचं चिकट झालेलं रिळ, फ्यूज वायरचा पुठ्ठा, आणि ज्यांचं मूळ घर कुठलं हे कुणालाच सांगता येणार नाही असे चाळीसेक स्क्रू. चिनी मातीचे फ्यूज होते त्या काळात वाडीत कुणाचाही फ्यूज उडाला की बॅटरी घेऊन नानाच जायचे. फ्यूज वायर नसेल तर सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची वळी करून बसवायचे. ती वायर बारीक ठेवलेली असते कशाला, तर जास्त भार आला की घराच्या आधी तिने जळावं म्हणून. चांदीची वळी बसवली की ती जळत नाही. लाइट मात्र येतो, नि नानांना चहा मिळतो. त्या चहांनीच नानांचा इलेक्ट्रिशियन झाला.

तर गेल्या दिवाळीत त्यांचा डोंबिवलीचा मुलगा गीझर घेऊन आला. तीन हजार वॉटचा, झटपट पाणी देणारा. सूनबाईंना बंबाचा धूर सोसत नाही. वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, येतो. आता आमच्याकडच्या 'येतो'चं मी काय सांगू? 'येतो' म्हणजे येण्याची इच्छा आहे. 'उद्या येतो' म्हणजे आठवडा. 'निघालोच' म्हणाला तर तो घरी जेवायला बसलेला असतो. त्याचाही दोष नाही म्हणा. आयटीआय केलेली निम्मी पोरं पुण्या-मुंबईला, राहिलेल्या चार जणांवर अख्खी पंचक्रोशी. मुलाची रजा चार दिवसांची. त्याने मोबाइलवर कसलासा व्हिडिओ बघितला, मारुती मंदिराजवळच्या दुकानातून मोठ्या पिनांचं सॉकेट आणलं आणि जुन्या छोट्या सॉकेटच्या जागी बसवून टाकलं. अर्ध्या तासात गरम पाणी. हजार-बाराशे वाचले म्हणून बापलेकांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. माई सांगतात, त्या दिवशी नाना मुलाकडे बघत होते ते त्याच्या इंजिनिअरिंगच्या निकालाच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं तसं.

"आता हा वायरमन म्हणतो, सॉकेट मोठं झालं, पण भिंतीतली वायर? ती दिव्याचीच. एक स्क्वेअरची. तीन हजार वॉट म्हणजे तेरा अँपिअर जातात म्हणे तिच्यातून. त्याला चारची वायर हवी, निदान अडीचची तरी. भिंतीला हात लावून बघा म्हणाला, ऊन लागत्ये. नि खरंच गो! मला वाटायचं पलीकडे चूल आहे म्हणून."

"एमसीबी पडत नव्हती?"

"पडायची ना! मग लेकाने ती काढून मोठी बसवली. आता पडत नाही म्हणाला."

नानांच्या सिगारेटच्या चांदीची ही पुढची पिढी. राखणीचा कुत्रा फार भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधायचं, आणि मग घरात कशी शांतता आहे बघा म्हणायचं.

पण खरा घोटाळा निराळाच होता. तो माईंनी मला अंगणाकडे बोट दाखवून सांगितला. फेब्रुवारीत त्यांच्या भाच्याची मुंज त्यांच्याच घरी झाली. मांडव घालायचा, माणसं यायची, शेणाने सारवलेलं अंगण आता कुणाला हवंय? म्हणून पेव्हर ब्लॉक घातले. गवंड्याच्या गड्याने माती खरवडताना घराच्या कोपऱ्यातून एक गंजकी तार वर आलेली बघितली. फावड्याला अडत होती. त्याने पकडीने कापली आणि वर ब्लॉक बसवले. ती अर्थिंगची तार.

"आणि कुणाला कळलंच नाही?"

"कळणार कसं? पंखा चालू, टीव्ही चालू, फ्रिज चालू. काही अडलंच नाही ना!"

हे वाक्य माई सहज बोलून गेल्या, पण माझ्या डोक्यात ते दिवसभर राहिलं. नळाचं काम चुकलं तर पाणी गळतं, लादी ओली होते, दुसऱ्या दिवशी कळतं. सुताराचं चुकलं तर दार घासतं. भात चुकला तर जेवणाराच्या तोंडावर दिसतो. विजेचं काम चुकलं तरी दिवा लागतो. तितकाच लख्ख. घरच्या पुरुषांचा तर कामाचा एकच कस: बटण दाबलं, लागला, झालं! वायरमनच्या कामातलं जे पैसे देण्याजोगं असतं ते बहुतेक न लागणारं, न फिरणारं, न दिसणारं असतं. म्हणून पैसे देताना जिवावर येतं.

आमच्या घरी तरी काय वेगळं? मी गडग्याच्या या बाजूला आहे म्हणून फार मिरवायला नको. आमच्या ह्यांनी पडवीतल्या दिव्याचं बटण स्वतः बदललं होतं. छान चालत होतं. दोन वर्षांनी दिवा उडाला तेव्हा बटण बंद करून बदलायला स्टुलावर चढले आणि होल्डरला बोट लागताच खाली आले, स्टुलाला न विचारता. बटण फेजच्या वायरीवर असायला हवं, यांनी ते न्यूट्रलवर बसवलेलं. दिवा लागतो-विझतो अगदी शहाण्यासारखा. पण बंद असतानाही होल्डर जिवंतच. तेव्हापासून हे साधा बल्ब बदलायचा तरी मेन स्विच बंद करतात. आणि मेन बंद केला म्हणजे सगळं मेलं असंही नाही, हे मला भाच्याने सांगितलं: पोलापासून मीटरपर्यंत नि मीटरपासून मेनपर्यंतची वायर तशीच जागी असते.

हा माझा भाचा आयटीआयला आहे. इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला तिथे कागदोपत्री 'विजतंत्री' म्हणतात आणि वायरमनला 'तारतंत्री'. दोन्हीला दोन-दोन वर्षं. तो तारतंत्री. त्याला मी विचारलं होतं, घरच्या माणसाने काय करावं नि काय करू नये, याचा काही नियम आहे का रे? मला वाटलं, डोकं खाजवेल. तर म्हणाला, आहे की, १९५६ सालापासून आहे. त्या वेळच्या भारतीय विद्युत नियमांमध्ये पंचेचाळीस नंबरचा नियम होता. दिवा, पंखा, फ्यूज, बटण, घरातली साधी उपकरणं जशीच्या तशी बदलायला कुणाची हरकत नाही. मात्र त्या बदलाने मूळ मांडणीची ताकद किंवा जात बदलता कामा नये. ती बदलत असेल, नवा पॉइंट काढायचा असेल, वायर ओढायची असेल, तर परवानाधारक ठेकेदार आणि त्याच्या हाताखाली प्रमाणपत्र असलेला माणूस पाहिजे. पुढे नियमांची पुस्तकं बदलली, रेघ तिथेच राहिली.

मला ही रेघ फार आवडली. सॉकेटच्या जागी तसलंच सॉकेट, हे माझं काम. छोट्याच्या जागी मोठं, हे माझं नव्हे, कारण त्याच्या मागे भिंतीत काय आहे ते मला दिसत नाही. नानांच्या लेकाने ही रेघ ओलांडली ती स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तेव्हा नाही. दुकानात मोठ्या पिनांचं सॉकेट मागितलं तेव्हा.

पिनांवरून आठवलं. हाच भाचा सांगत होता की आपल्या त्या गोल पिना मूळच्या ब्रिटिशांच्या, आणि त्यांनी स्वतः १९४७ साली चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं. म्हणजे एकाच वर्षी त्यांनी दोन गोष्टी सोडल्या, आपला देश नि गोल पिना. दोन्ही आपल्याला मिळाल्या. त्यातली वरची तिसरी पिन जरा लांब नि जाड असते, ती उगाच नाही. प्लग आत जाताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून. आमच्या घरी त्या भोकात पेन्सिल खुपसून बाकीची दोन उघडतात, कारण चार्जरला दोनच पिना.

ते असो. माईंचं राहिलं.

"तर अर्थ तुटला फेब्रुवारीत," माई म्हणाल्या. "गीझरच्या आतलं ते तापतं ते, ते कुठेतरी तडकलं. नि जुलैत पाऊस लागला तेव्हा ते मीटरजवळचं पेटीतलं बटण सारखं पडायला लागलं."

"ईएलसीबी?"

"तेच. अगो, दिवसातून दहादा! मी देवाजवळ बसले की पडायचं. कुकर लावला की पडायचं, गॅसवरचा कुकर! हे वैतागले नि एका रविवारी डबा घेऊन बसले, ते डायरेक्टच करून टाकलं."

'डायरेक्ट करणे' हा आमच्याकडचा शब्द मोठा भयंकर आहे. जे मध्ये पडतं ते मधून काढून टाकायचं आणि वायर सरळ पुढे नेऊन जोडायची. पंपाचा स्टार्टर डायरेक्ट, फ्रिजचा स्टॅबिलायझर डायरेक्ट. पावसाळ्यात रत्नागिरी तालुक्यात अशी किती घरं डायरेक्ट चालतात ते त्या गणपतीबाप्पालाच ठाऊक.

"हा पोरगा काय म्हणाला माहित्ये? म्हणाला, काकू, ते बटण बिघडलं नव्हतं. ते हिशेब ठेवत होतं. जेवढी वीज एका वायरीने आत जाते तेवढी दुसरीने परत यायला पाहिजे. कमी आली तर मधे कुणीतरी खाल्ली. मी म्हटलं, म्हणजे पाडेल्यासारखं. त्याने वर शंभर नारळ तोडले नि खाली सत्त्याण्णव मोजले, तर तीन कुठे गेले विचारायला नको? तो म्हणाला, बरोबर. तीस मिलिअँपिअर कमी पडले की ते बटण विचारतं. तीस मिली म्हणजे किती, तर त्या गीझरला लागतात त्याच्या चारशेव्या हिश्श्याहूनही कमी. पण माणसाला पुरतात."

"मग तुमच्याकडे खात कोण होतं?"

"सगळेच थोडं थोडं. तुळशीजवळचा दिवा, त्यात पाणी शिरलेलं. गच्चीवरची जोडपेटी, ती उघडली तर आत मुंग्यांचं वारूळ, काळ्या मुंग्यांचं, आणि एक वाळलेली पाल. नि तो गीझर. तिघांचं मिळून भरायचं नि बटण पडायचं. हे म्हणाले बटणच वाईट. काढलं. मग राहिला गीझर, नि मी." माई थोडं थांबल्या. "अर्थ असता तर ती वीज तारेने जमिनीत गेली असती. तार तुटलेली. मग तिला जमिनीत जायला दुसरी वाट कुठली? नळ, पाणी नि मी. वायरमन म्हणाला, मुंग्यांवर भागलं, देवाचे आभार माना."

पलीकडे नाना दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेले. माईंनी लगेच आवाज चढवला. "ऐकू येतंय त्यांना. येऊ दे!"

तेवढ्यात वायरमनच बाहेर आला. चाळिशीचा, पायात जाड तळाचे बूट, हातात जुना शंभरचा बल्ब लावलेला होल्डर आणि त्याला दोन लांब वायरी. असले पिवळे बल्ब हल्ली सहज मिळत नाहीत, म्हणून तो हा लेकरासारखा जपतो. माईंच्या घरात त्याने एक वायर फेजला लावली, दुसरी अर्थिंगच्या भोकाला. अर्थ असता तर बल्ब पेटला असता. मेला तो मेलाच. मग दुसरी वायर न्यूट्रलला लावली, तर लख्ख. तेव्हा म्हणे नाना पहिल्यांदा खुर्चीत बसले.

मी गडग्यावरूनच विचारलं, "दादा, आमच्याकडे बघता का जरा?"

"कुठे आहे तुमचा खड्डा?"

मी ह्यांना हाक मारली. हे म्हणाले, "आहे ना, इथेच कुठेतरी." मग आम्ही तिघं परडंभर खड्डा शोधत फिरलो. अर्थिंगचा खड्डा म्हणजे आठेक फूट खोल, त्यात अडीच मीटरचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उभा, भोवती कोळसा नि जाडं मीठ थराथराने, वर पाणी ओतायला नरसाळं. पुस्तकात असं आहे, वायरमन म्हणाला. पण आपल्या कातळात गड्याची पहार चार फुटांवर ठणाणा वाजायला लागली की तो पाइपच वरून कापतो नि वर माती ओढतो. जांभा कसा, पाऊस असेतो पाणी पितो, नि दिवाळीनंतर वाळून खडखडीत. वाळलेल्या जांभ्यातून वीज जायला तयार नसते. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायचं. वैशाखात आपण तुळशीवर गळती बांधतो. या बिचाऱ्याला कोण विचारतं?

"म्हणजे अर्थ असतो, पण पावसाळ्यापुरता," हे म्हणाले.

"असं पुष्कळ घरांचं असतं," तो म्हणाला.

नरसाळं सापडलं ते अळूच्या बनात. न्हाणीचं पाणी वीस वर्षं तिकडेच जातंय, खड्डा बारमाही ओला. त्याने आत जाऊन बल्ब लावला. पेटला, पण पिवळसर, म्हाताऱ्याच्या डोळ्यासारखा. "आहे," तो म्हणाला, "पण पाइप गंजत आलाय. मिठाने जमीन धरते, तसं लोखंड खातंही. नीट मोजायचं यंत्र असतं, ते घेऊन गणपतीनंतर येतो. नि काकी, हे बल्बचं मी करून बघितलं म्हणून तुम्ही बघायला जाऊ नका." असं म्हणताना तो माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे बघत होता.

मी विचारलं, "येतो म्हणजे नक्की कधी?"

तो हसला. गणपतीआधी त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. घरोघरी चाकरमानी उतरणार, माटवीला दिव्यांच्या माळा, एका एक्स्टेन्शनला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, त्यावर पंखा, समई शेजारी, थर्माकोल मागे. "गौरी-गणपतीत मी आरतीला कमी नि फ्यूजला जास्त जातो," म्हणाला. आणि परवान्याचं विचारलं तर खरं तेच बोलला: परवाना त्याच्या शेठचा, सही शेठची, नव्या कनेक्शनच्या टेस्ट रिपोर्टवर शिक्काही शेठचा, शिडीवर तो. माझ्या मते ही गोष्ट काही बरी नाही. वायरमन बोलावला की सगळं आपोआप नीट होतं असं मुळीच नाही. फेब्रुवारीनंतर माईंच्या घरी एकदा एक वायरमन पंखा बसवून गेलाच होता. त्याने अर्थ बघितला नाही, कारण त्याला कुणी बघायला सांगितलं नाही. पंखा फिरला, तो गेला.

माईंचं बिल झालं साडेसहा हजार. नवा खड्डा, नवी तार, गीझरला चारची वायर, पेटीतलं बटण पुन्हा जागेवर. गीझर दुरुस्तीला गेला, बंब माळ्यावरून खाली आला. संध्याकाळी डोंबिवलीला व्हिडिओ कॉल झाला, तो मी ऐकला नाही. म्हणजे गडग्यापर्यंत जेवढा आला तेवढाच ऐकला. मुलगा म्हणत होता, पण पप्पा, चालत तर होतं ना?

काही दिवसांनी मी अळूच्या फदफद्याची वाटी घेऊन गडग्यावर गेले. माईंनी वाटी घेतली, वास घेतला.

"तरीच," म्हणाल्या, "तुझ्या अळूला मेली खाज कशी ती नसते. सगळी जमिनीत जात्ये."

"भात सुरू केलात की नाही?"

"कालच. दोन वेळा खाल्ला."

"नि मुंग्या?"

"गेल्या गो. गीझर आला परत, काल लावून बघितला, नळाला हात लावला, काही नाही. अर्थ आला घराला." मग त्यांनी मागे न बघता अंगठ्याने न्हाणीघराकडे खूण केली. आतून पाण्याचा आवाज येत होता, त्यावर रामरक्षा, आणि रामरक्षेच्या मधे मधे ओल्या लादीवर रबरी स्लिपरांचं फटक फटक.